आन्सेल्मची सुट्टी

लिऑन, ८ जुलै १९६३

प्रिय ओदील,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, आणि तेही आज कामापुरतंच लिहितेय. चिडू नकोस. आन्सेल्मला तुझ्याकडे पाठवतेय. शनिवारी दुपारच्या गाडीने सेंत-ओरांला उतरेल. खाणं कमी झालंय, झोप लागत नाही, आणि डॉक्टर म्हणतात हवापालट करा. रेल्वेच्या वेळापत्रकांची प्रुफं तपासून तपासून माणूस स्वतःच वेळापत्रक झालाय. सात पन्नासला सूप, आठ वीसला जांभई.

मी येऊ शकत नाही. दुकानात आमचे नवे मॅनेजर आलेत, मस्यो व्हालमों. हातमोज्यांचा सगळा विभाग त्यांनी माझ्या हातात दिलाय. शिवाय ऑगस्टमध्ये घराला रंग द्यायचाय. रंगाच्या वासाने आन्सेल्मला धाप लागते, तेव्हा महिना संपेपर्यंत त्याला परत पाठवू नकोस, कितीही मागे लागला तरी.

आणि लाड करू नका त्याचे. तो पाण्याला घाबरतो, उंचीला घाबरतो, गाईला तर इतका की दुधाच्या बाटलीवरचं चित्र भिंतीकडे वळवून ठेवतो. गास्तोंला सांग, जरा माणसात आण त्याला. कुणीतरी या नवऱ्याला धरून गदागदा हलवलेलं मला एकदा तरी ऐकायचंय.

तुझी रेजीन

*

सेंत-ओरां, २१ जुलै

प्रिय रेजीन,

पोचला तुझा ठेवा. स्टेशनावर उतरला तो कोट, टाय आणि छत्री घेऊन! बाहेर ऊन असं की गास्तोंच्या दुकानातल्या सॉसेजना घाम फुटलेला. गास्तों म्हणाला, "काय साडूभाऊ, कुणाच्या मयताला आलात?" तर हा गंभीरपणे म्हणतो, "कोण गेलं?"

तेव्हापासून सगळं गाव खूश आहे. हंगामाला पाहुणे येतात, फोटो काढतात, आइस्क्रीम खातात आणि जातात; त्यांच्याशी खेळता येत नाही. हा मात्र घरचा. सोमवारी गास्तोंने त्याला किल्ल्याचा बुरूज दाखवायला नेलं. दारात सांगितलं, "इथे वर जाताना बूट काढायची पद्धत आहे. वर देवमातेची मूर्ती आहे." मूर्तीबिर्ती काही नाही हे तुला माहीतच आहे, कबुतरांची घाण तेवढी आहे. हा मोजे खिशात घालून, डोळे मिटून, भिंत धरत त्या दगडी पायऱ्या चढला. खाली उतरतो तर बूट घंटेच्या दोराला टांगलेले! चौकातली सगळी टेबलं हसत होती. आणि त्याने काय केलं? हात जोडून सगळ्यांचे आभार मानले. त्याला वाटलं तीही पद्धतच.

परवा नदीवर नेलं. होडीत बसवलं, आणि गास्तोंने दोर सोडला. वल्ही काठावरच! हा टोपी धरून ताठ बसून वाहत गेला तो थेट पाणचक्कीच्या बांधापर्यंत. माणूस ओरडेल, निदान रडेल, तर तोंडातून शब्द नाही. चक्कीवाल्याने गळ टाकून ओढून काढला. तेव्हापासून गावात त्याचं नाव 'कप्तान'.

कॅफेवाली मादाम फाब्र तर वस्ताद. ती त्याला गुरुवारी चौकातल्या नाचाला धरून नेते, आणि त्याच्या खांद्यावरून आम्हाला डोळा मारते. मी इतकी हसले की पोटात कळ आली. खरं सांगू का, रेजीन, तू लिऑनला गेल्यापासून मी एप्रनवरचे रक्ताचे डाग धुण्याशिवाय काही केलं नव्हतं. या वर्षी पहिल्यांदा मलाही सुट्टी लागल्यासारखं वाटतंय.

तुझी ओदील

*

सेंत-ओरां, २८ जुलै

माझ्या लाडक्या रेजीन,

तुला काळजी लागली असेल म्हणून लिहितो. मी उत्तम आहे. झोप लागते. परवा सकाळी नऊ वाजता उठलो, यावर तुझा विश्वास बसणार नाही.

तुझ्या गावाबद्दल तू नेहमी तुटक बोलायचीस, म्हणून मी जरा धास्तावूनच आलो होतो. पण इतकी प्रेमळ माणसं मी कुठे पाहिली नाहीत. चौकातून निघालो की प्रत्येक टेबलावरून हाक येते. मला त्यांनी 'कप्तान' असं नाव दिलंय. झालं असं, की होडीत बसलो असताना गास्तोंच्या हातून दोर सुटला. बिचारा! तो काठाकाठाने इतका धावत होता, इतका ओरडत होता, की मला स्वतःपेक्षा त्याचीच काळजी वाटली. म्हणून मी घाबरलो असं दाखवलं नाही. घाबरलो होतो, हे फक्त तुला सांगतो.

सकाळी बाजारात ओदीलची टोपली धरतो. दुपारी चिनारांच्या सावलीत लोखंडी गोळ्यांचा खेळ असतो. मला नेम जमत नाही, पण दोन्ही बाजू मला आपल्या संघात घ्यायला भांडतात. तिकडे ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला माझं पहिलं नाव अजून माहीत नाही, रेजीन.

आणि एक गुपित. मादाम फाब्र मला वॉल्ट्झ शिकवतायत. आपल्या लग्नात मी तुझ्या पायावर पाय दिला होता आणि तू नंतर कधी माझ्याबरोबर नाचली नाहीस. पंधरा ऑगस्टला इथे मोठा उत्सव असतो. एक दिवस सुट्टी काढून येशील का? मस्यो व्हालमों नाही म्हणणार नाहीत. तू त्यांच्याबद्दल सांगतेस त्यावरून ते सज्जन वाटतात.

तुझाच आन्सेल्म

*

लिऑन, ५ ऑगस्ट

ओदील, ओदील,

तुझं पत्र आणि त्याचं पत्र एकामागोमाग आलं, आणि मी दोन्ही दुकानात वाचून दाखवली. आधी तुझं, मग त्याचं. "बिचारा गास्तों काठाकाठाने धावत होता"! मस्यो व्हालमोंना ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. म्हणाले, मादाम, तुमची बहीण पॅरिसच्या नाटककारांना भारी आहे. ते क्वचितच कुणाची स्तुती करतात.

उत्सवाला मी येत नाही, रंगारी आलेत. पण पंधरा तारखेचा गाईंचा खेळ अजून होतो ना? रिंगण, मधे पाण्याचा हौद आणि गावातल्या पोरांमागे लागणारी ती काटक गाय? ओदील, त्याला उतरव. कप्तान आणि गाय! मी नुसती कल्पना केली तरी हसू आवरत नाही. गाईच्या शिंगांना गोळे बांधलेले असतात, फार तर हौदात पडेल, पँट फाटेल. आणि फोटो काढून पाठव. मी सगळ्यांना वचन दिलंय.

तुझी रेजीन

*

सेंत-ओरां, १८ ऑगस्ट

रेजीन,

काल-परवाच लिहायचं होतं. तुझ्या दुकानात टेलिफोन केला तर सांगितलं, तू रजेवर आहेस. घरी रंगारी असताना तू बाहेर पडली नसशील, म्हणून पत्र घरीच धाडतेय. आन्सेल्म ओश शहरातल्या इस्पितळात आहे. जिवंत आहे. आता नीट सांगते.

पंधराला सकाळी प्रार्थना झाली, जेवणं झाली, बँड वाजला. रिंगणाभोवती उभं राहायला जागा नव्हती. आन्सेल्मने नवा पांढरा शर्ट घातला होता, आणि मादाम फाब्रने त्याच्या कमरेला लाल पट्टा बांधला होता. त्याला वाटलं नाचासाठी. गास्तों माइकवर होता. पोरांचा खेळ झाल्यावर तो ओरडला, "आणि आता सेंत-ओरांच्या आरमाराचे प्रमुख!"

आन्सेल्म माझ्या शेजारीच बसला होता. पांढराफटक पडला. म्हणाला, "नको, ओदील. तुम्ही सांगा त्यांना. मला हे जमणार नाही." सगळं रिंगण पाय आपटायला लागलं: कप्तान! कप्तान! तो माझ्याकडे बघत राहिला. आणि मी म्हणाले, "रेजीनला फोटो हवाय."

"रेजीनला?"

"तिनेच लिहिलंय. तू रिंगणात उतरलेला तिला बघायचाय."

"खरंच तिने लिहिलं?"

"मी कशाला खोटं बोलू?"

त्याने चष्मा काढला, माझ्या हातात दिला आणि कठड्यावरून उतरला. चष्म्याशिवाय त्याला हातभर अंतरावरचं दिसत नाही, हे तुला माहीत होतं. मला नव्हतं. तो वाळूत मधोमध गेला आणि फोटोवाला कुठे आहे ते शोधत भलतीकडेच तोंड करून उभा राहिला. मग हात वर केला. गाय मागून आली.

तिने त्याला उचलून हौदाच्या सिमेंटच्या काठावर टाकलं. आवाज झाला. तरी आम्ही हसतच होतो, रेजीन. तो उठेना तेव्हासुद्धा कुणीतरी म्हणालं, कप्तान गंमत करतोय. गाय दुसऱ्यांदा आली तेव्हा पोरं धावली.

डाव्या खुब्याचा चुरा झालाय. डॉक्टर म्हणतात, तो पाय आता वाकणार नाही, आणि कुबड्यांशिवाय त्याला उभं राहता येणार नाही. शुद्धीवर आल्यावर पहिलं विचारलं, "फोटो आला का?" आलाय. त्यात तो हसतोय.

पहिल्या गाडीने ये.

ओदील

*

२७ ऑगस्ट

प्रिय ओदील,

तुझं पत्र वाचून दोन दिवस डोकं दुखत होतं. बिचारा आन्सेल्म. त्याला सांग, मी रोज त्याची आठवण काढते.

पण तू ज्या सुरात लिहिलंयस तो मला आवडला नाही. मी फोटो मागितला होता, अपघात मागितला नव्हता. तिथे मी होते की तुम्ही होता? माइकवर कोण होतं? आणि त्याचा चष्मा तू का घेतलास?

इतक्यात येणं जमणार नाही. घर सगळं उघडं पडलंय, रंगाऱ्यांनी खाटसुद्धा गच्चीवर काढलीय, दुखणेकऱ्याला इथे कुठे ठेवू? आणि आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तू म्हणतेस तशी त्याची अवस्था असेल तर त्याने चढायचं कसं? मला वाटतं, इस्पितळातून सुटला की काही महिने तुझ्याकडेच राहू दे. त्याला तिथली हवा मानवते, त्यानेच लिहिलंय. सगळे किती जीव लावतात म्हणाला. बागेकडची खोली तळमजल्यावरच आहे. सप्टेंबरअखेर मी नक्की येते.

फोटो पाठवू नकोस.

तुझी रेजीन

*

सेंत-ओरां, शनिवार, ५ ऑक्टोबर

रेजीन,

सप्टेंबर संपला. तू आली नाहीस. मला आश्चर्य वाटलं नाही. तुझ्या मागच्या पत्रात गावाचं नाव नव्हतं, पण पाकिटावर शिक्का होता आनसीचा. लोक सुट्टीला जातात त्या तळ्याकाठच्या आनसीचा. घरी धाडलेलं माझं पत्र कुणीतरी तुला तिकडे पाठवलं असणार. रंगाऱ्यांनी घर तिकडे हलवलं का? मी पुन्हा दुकानात टेलिफोन केला आणि या वेळी मस्यो व्हालमोंना बोलवा म्हटलं. पोरगी म्हणाली, "तेही त्याच दोन आठवड्यांत रजेवर होते, मादाम." आणि हसली. दुकानात वाचून दाखवायला तुमच्याकडेही पुष्कळ आहे म्हणायचं.

मी त्याला हे सांगितलेलं नाही.

त्याला आणून तीन आठवडे झाले. पहिल्या आठवड्यात गाव लोटलं. केक आले, सुके आलुबुखार मुरवलेली ब्रँडी आली, मादाम फाब्र रडली. मग दुपारी आम्ही त्याला चौकात चिनाराखाली खुर्चीवर बसवायला लागलो. त्याला करमावं म्हणून. कुबड्या शेजारी टेकवलेल्या. त्याने प्रत्येकाला हाक मारली. लोक येत, उभ्या उभ्या बोलत, त्याच्या पायाकडे बघत आणि त्यांना काहीतरी काम आठवे. आता माणसं चौक ओलांडायच्या ऐवजी मागच्या गल्लीने जातात. गोळ्यांचा खेळ शाळेमागे हलवलाय. जमीन सपाट आहे म्हणतात. ज्याच्यावर हसता येत नाही त्याच्याजवळ बसणार कोण? तो मला विचारतो, "माझं काही चुकलं का, ओदील?"

आणि घरात मी. उठव, बसव, धू. गास्तों त्याला उचलून नेतो आणि दाराबाहेर येऊन शिव्या घालतो. पुढच्या आठवड्यापासून कबुतरांच्या शिकारीला बोर्दोची मंडळी येतायत, दर वर्षी येतात, त्यांना बागेकडचीच खोली लागते. तू लिऑनला हातमोजे घालून बसायचं आणि तुझा नवरा मी धुवायचा, असं ठरलं कधी?

म्हणून आज सकाळच्या गाडीत बसवून दिला. गास्तोंचा रविवारचा कोट घातलाय. तुलूझला हमाल गाडी बदलून देतील, मी सांगून ठेवलंय. संध्याकाळी जेवणाच्या वेळेला पोचेल. त्याच्या खिशात घराची किल्ली आहे आणि मांडीवर अक्रोडाचा केक, तुझ्यासाठी. फार आनंदात होता. डब्याच्या खिडकीतून पुन्हा पुन्हा सांगत होता, "तिला कळवू नका हं. तिचा चेहरा बघायचाय मला." मी त्याला शब्द दिला, आणि पाळतेय. हे पत्र सोमवारी टाकेन.

ओदील

*

लिऑन, २० ऑक्टोबर

आदरणीय ओदील,

तुम्ही आणि गास्तोंनी माझ्यासाठी जे केलं त्याबद्दल आभार मानायचे राहिले होते. प्रवास छान झाला. तुलूझला हमालांनी मला एका खुर्चीत बसवून खुर्चीसकट उचललं.

लिऑनला टॅक्सीवाला भला निघाला. त्याने आणि दाराशी राहणाऱ्या बाईने मिळून मला तिसऱ्या मजल्यापर्यंत आणलं. किल्ली लावायचं मी ठरवलं होतं, पण हातात कुबड्या आणि केक, त्यामुळे घंटाच वाजवली. दार रेजीनने उघडलं. ती म्हणाली, "आज?" एवढंच म्हणाली. आत टेबलावर दोघांची पानं मांडली होती. मला वाटलं तुम्ही कळवलंत. मी म्हणालोसुद्धा, "ओदीलने सांगितलंच ना शेवटी!"

मग आतून मस्यो व्हालमों आले. मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. उंच आहेत. टॅक्सीवाला दमला होता, म्हणून त्यांनीच मला दोन्ही हातांवर उचलून आत नेलं. इस्पितळातल्या नर्सनंतर मला इतक्या हळुवारपणे कुणी उचललं नव्हतं, हे मला सांगितलंच पाहिजे. खोलीत आल्यावर ते थांबले आणि त्यांनी मला विचारलं, "तुम्ही कुठल्या बाजूला झोपता?" मी सांगितलं. त्यांनी मला तिथे ठेवलं आणि माफी मागितली. भिंतींना रंग दिलेला नव्हता.

रेजीन आता त्यांच्याकडे राहते. सोमवारी येऊन कपडे घेऊन गेली. भांडण झालं नाही. मी तिला विचारलं, तू खरंच फोटो मागितला होतास का? ती म्हणाली हो. मला बरं वाटलं, ओदील. म्हणजे तुम्ही खोटं बोलला नव्हतात.

ऑफिसने माझ्या जागी दुसरा माणूस घेतलाय. खालची बाई दिवसातून एकदा सूप आणून देते. मला जिना उतरता येत नाही, त्यामुळे मी आल्यापासून बाहेर गेलेलो नाही. खिडकीतून समोरची भिंत दिसते.

मी विचार करत होतो. बागेकडची खोली शिकारी मंडळी गेल्यावर रिकामी होत असेल. मी बसून करता येणारी कामं करू शकेन. वाटाणे सोलणं, पाहुण्यांच्या नोंदी ठेवणं, चांदी घासणं. लोकांना माझा कंटाळा येऊ नये याची काळजी मी घेईन. मागच्या वेळी मी फार हाका मारत होतो, हे माझ्या लक्षात आलंय. चौकात नाही बसवलंत तरी चालेल. नुसते आवाज ऐकू आले तरी पुरे.

उत्तराची वाट पाहतो.

तुमचा आन्सेल्म

*

सेंत-ओरां, ४ नोव्हेंबर

प्रिय आन्सेल्म,

तुझं पत्र मिळालं, आनंद झाला. गास्तोंला वाचून दाखवलं, तो म्हणाला, साडूभाऊंचं अक्षर मोत्यासारखं आहे.

रेजीनचं ऐकून फार वाईट वाटलं. ती लहानपणापासून तशीच, स्वतःपुरतं बघणारी. मी तिला कडक पत्र लिहिलंय, आणि आता तिच्याशी संबंध ठेवणार नाही.

इकडे सगळं ठीक. यंदा कबुतरं भरपूर आली. बोर्दोची मंडळी इतकी खूश झाली, की अजून हललेली नाहीत, रोज रानात, रोज मेजवानी. मादाम फाब्र नव्या पोस्टमास्तरला नाच शिकवतेय, मेला सारखा घसरतो, आम्ही हसून हसून मरतो. उत्सवातला तुझा फोटो फोटोवाल्याने त्याच्या दुकानाच्या काचेच्या खिडकीत लावलाय. पाहुणे थांबून बघतात, कोण म्हणून विचारतात. आम्ही सांगतो, आमच्याच घरातला.

खोलीचं म्हणशील तर यंदा जमेल असं वाटत नाही. शिकारी गेले की गास्तों तिथे हॅम टांगणार आहे, त्याला थंड जागा लागते. आणि मी तुझ्या भल्यासाठीच सांगते, तू शहरातला माणूस, इथे येऊन करणार काय? हॉटेलं बंद झालीत, होड्या उलट्या करून ठेवल्यात, किल्ल्याला कुलूप लागलंय. थंडीत आमच्या गावात बघण्यासारखं काही उरत नाही.

जपून राहा.

ओदील